कोळसोबाने डबा खाल्ला नाही

आक्काला शहरातलं प्रत्येक घर ओळखत होतं, आणि रस्त्यात मात्र तिला कुणी ओळखत नसे. दुकानात ती बटाटे निवडत उभी असली, की शेजारचं एखादं पोर आईच्या मागे लागून कोळसोबाच्या घोगऱ्या आवाजात गोळी मागायचं. आई म्हणायची, "पुरे झाला तो आवाज!" आणि तो आवाज जिच्या गळ्यातून पहिल्यांदा निघाला ती बाई तिथेच, हातभर अंतरावर, कोंब फुटलेला बटाटा बाजूला काढत असायची. गालातल्या गालात हसायची. ओळख द्यायची नाही. टेबलाखालच्या माणसाने टेबलाखालीच राहावं, असं तिला शिकवलं गेलं होतं आणि ते तिने निष्ठेने पाळलं होतं.

कार्यक्रम लहान मुलांचा, रोज दुपारचा, टीव्हीवरचा. समोर दिसायचं ते एवढंच: निळ्या कापडाने झाकलेलं लांब टेबल, मागे रंगवलेलं स्वयंपाकघर, फळीवर बिस्किटांचा डबा आणि दोन बाहुले. एक गुलाबराजे. गोरेपान, सोनेरी लोकरीचे केस, डोक्यावर मुकुट, बोलणं असं की साखर ओशाळावी. दुसरा कोळसोबा. काळ्या मोज्याच्या कापडाचा, डोक्यावर काळ्या लोकरीचे घट्ट वेटोळे, बशीएवढे पांढरे डोळे आणि लाल ओठ इतके जाड, की एका ओठात गुलाबराजांची दोन तोंडं बसावीत. गुलाबराजे मुलांना अक्षरं शिकवायचे, आजारी सशाला औषध द्यायचे, हरवलेल्या बदकाला घरी पोचवायचे. कोळसोबा डबा रिकामा करायचा.

टेबलाखालचा संसार मुलांना ठाऊक नव्हता. तिथे दोन जुन्या उशांवर आक्का आणि तात्या, गुडघ्याला गुडघा लावून, हात वर करून बसलेले असत. आक्काच्या हातात कोळसोबा, तात्यांच्या हातात राजे. दोघांच्या मध्ये एक छोटा टीव्ही, त्यात वरचं सगळं दिसायचं. वर राजे गोड गोड बोलत असताना खाली तात्या पेपरमिंट चघळत दातओठ खायचे, कारण त्यांचा खांदा भरून आलेला असायचा.

"तात्या, सरका हो. तुमचा गुडघा माझ्या बरगडीत घुसलाय."

"तू श्वास कमी घे. जागा आपोआप होईल."

कुणाला कोणता बाहुला, हे कसं ठरलं त्याची गोष्ट आक्का हसत हसत सांगत असे. हा कार्यक्रम ज्यांनी उभा केला ते मास्तर, आता हयात नाहीत, मोठा रसिक माणूस. नवीन कलाकार निवडायला बसले तेव्हा त्यांनी आवाज नंतर ऐकले. आधी म्हणाले, "बाह्या वर करा." रीतच होती ती त्या धंद्यातली. हात सतत वर, बाही घसरणारच, आणि घसरली की खालची कातडी कॅमेऱ्यात दिसणारच. ती बाहुल्याशी जुळायला हवी. तात्यांचा हात गोरा, त्यांना राजे मिळाले. आक्काचा काळाभोर, तिला कोळसोबा. खरं तर तिचा गळा असा होता, की एका वाक्यात सभागृह शांत व्हावं. आणि तात्या जन्माचे वात्रट. पण गळ्याला कुणी विचारलं नाही. मनगटं बोलली आणि भूमिका ठरल्या. आक्काच्या पदरात तेव्हा लहान लेक होती. काम मिळालं, एवढंच तिला दिसलं.

आणि मिळालेल्या कामात तिने जीव ओतला. मोज्याच्या त्या तुकड्याला तिने लाज दिली, लबाडी दिली, चालताना एका पायावर किंचित लंगडणं दिलं, पाय नसताना! प्रेक्षकांत बसलेली मुलं त्याच्यावर जीव टाकायची. रोजचा शेवट ठरलेला. गुलाबराजे डबा उघडून बघायचे, आत अंधार. ते चटईवर बसलेल्या मुलांकडे वळून विचारायचे, "बालमित्रांनो, डबा कोणी खाल्ला?" आणि चटई एका आवाजात ओरडायची, "कोळसोबाऽऽ!" मग कोळसोबा तोंड उघडायचा. आक्काने मुठीत धरलेला बिस्किटांचा चुरा त्याच्या तोंडातून टेबलावर सांडायचा. हशा. कान पकडून माफी. राजे मोठ्या मनाने माफ करायचे. गाणं. समाप्त.

किती वर्षं? आक्काचे केस काळे होते तेव्हापासून.

भिंगरी म्हणजे आक्काची नात, लेकीची लेक. पाच वर्षांची, आजीच्याच रंगाची, आजीच्याच केसांची. तेलाने, पाण्याने, कंगव्याने, कशानेही न नमणारे केस. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. तिची आई कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी असे, म्हणून बालवाडीतून आणणं, खाऊ घालणं, झोपवणं हे सारं आजीकडे.

इमारतीतली मुलं जिन्याच्या वळणावर जमायची आणि दुपारचाच कार्यक्रम संध्याकाळी स्वतः करायची. भिंगरी रोज कोळसोबा व्हायची. कुणी जबरदस्ती करत नसे. वाटणी सुरू व्हायच्या आतच ती जागेवर उभी राहायची, डोळे फिरवून, ओठ पुढे काढून, एका पायावर लंगडत. आक्का दार किलकिलं करून बघायची आणि शेजारणीला सांगायची, "बघा हो, रक्तातच आहे. लंगडणंसुद्धा उचललंय माझं!" शेजारीण मान डोलवायची. खोटं कशाला बोला, पोरगी होतीच हुशार.

मग बालवाडीत घंटी हरवली.

बालवाडीच्या बाई मऊ होत्या. अशा मऊ, की त्यांच्यावर चिडायचं तर चिडणाऱ्यालाच लाज वाटावी. भिंगरीला न्यायला आक्का गेली, तेव्हा त्या तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजी, घाबरू नका. लहान आहे. आणि तिने स्वतःहून कबूल केलंय, हे महत्त्वाचं."

"काय कबूल केलंय?"

"खाऊच्या वेळची पितळी घंटी. माझ्या टेबलावर असते ती. सापडेना. मी सगळ्यांना गोल बसवलं आणि प्रेमाने विचारलं, कोणी घेतली? तर सगळी मुलं हिच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, असं बघू नये. तेवढ्यात हिनेच हात वर केला."

"मग दिली का घंटी?"

"तेच तर! कुठे ठेवली ते सांगत नाही. म्हणून म्हटलं, घंटी आणेपर्यंत दाराजवळच्या खुर्चीवर बस. शिक्षा नाही हो. विचार करायला जागा."

घरी येऊन आक्काने भिंगरीचं दप्तर उलटं केलं, खिसे झटकले, बुटांत हात घालून पाहिला. घंटी नव्हती. मग नातीला ओट्यावर बसवून ती तिच्यासमोर उभी राहिली.

"घंटी घेतलीस?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

"नाही घेतली, आजी."

"मग हात का वर केलास गं?"

"कुणीच करत नव्हतं."

"म्हणून तू केलास?"

मोठ्या माणसांना साध्या गोष्टी फोड करून सांगाव्या लागतात, अशा चेहऱ्याने भिंगरीने आजीकडे पाहिलं. "अगं, काही नाहीसं झालं ना, की ते आपल्यासारख्याने घेतलेलं असतं. मग सांगून टाकायचं. मग सगळे हसतात आणि गाणं होतं." तिने ओट्यावर टाच आपटली. "पण आज कुणी हसलंच नाही. बाईसुद्धा नाही."

आक्काने गॅस बंद केला. त्यावर काही ठेवलेलं नव्हतं, तरी बंद केला.

लेक कामावरून आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिने चपला काढता काढता ऐकलं आणि म्हणाली, "मला नवीन नाही, आई. मी शाळेत होते तेव्हा काही हरवलं, की आधी माझं दप्तर उघडायचे."

"आणि हे तू मला आज सांगतेस?"

"तू कामावरून यायचीस ती अशी फुललेली असायचीस! आज किती हसले, आज चटईवरचं एक पोर हसून उताणं पडलं... तुझ्या तोंडावरचं ते हसू मी पुसायचं? आणि जेवत तर होतोच ना आपण त्याच मोज्यावर."

आक्का रडली नाही. रंगमंचावर आयुष्य काढलेली बाई ती. रडू आलं तर ते कुठे वापरायचं हे तिला कळत होतं, आणि ही जागा रडण्याची नव्हती. तिने हात धुतले, जेवण झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उद्या बोलते मी तिथे."

कार्यक्रमाच्या निर्मातीबाई वयाने आक्काच्या लेकीएवढ्या. हुशार, भराभर चालणाऱ्या, मनाने चांगल्या. त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसलं की समोर कोळसोबाचं मोठं चित्र. "आक्का, मी तुमच्या कोळसोबावरच वाढले," हे वाक्य त्या दर भेटीत म्हणत. आजही म्हणाल्या.

"म्हणूनच आले," आक्का म्हणाली. "आता डबा दुसऱ्या कुणीतरी खाऊ दे."

"म्हणजे?"

"ससा खाऊ दे. बदक खाऊ दे. राजे खाऊ देत. नाहीतर कोणी खाल्ला ते कळूच नये एखाद्या दिवशी. रोज कोळसोबाच का?"

"अहो, गंमत आहे ती! मुलांना कळतं. खोटं असतं ते त्यांनाही ठाऊक असतं."

"खोटं सगळ्यांसाठी असतं, बाई. फक्त ते घरी घेऊन कोण जातं, ते बघा. तुमच्या मुलाला कुणी बसमध्ये गुलाबराजे म्हटलं तर तो खूश होऊन घरी येईल."

निर्मातीबाईंनी पेन्सिल ठेवली. ऐकून घेतलं त्यांनी, हे मान्य करायला हवं. मग त्यांचा चेहरा उजळला. "थांबा! आम्ही हा विचार आधीच केलाय." त्यांनी कपाटातून एक नवी बाहुली काढली. सुंदर होती. काळ्या मखमलीची, कुरळ्या केसांची, पिवळ्या झग्यातली छोटी मुलगी. "ही येणार आता. गुणी आहे. मागे खिडकीत उभी राहील, हात हलवेल, सतत हसेल."

आक्काने बाहुली हातात घेतली. उलटीपालटी केली. आत बोटं घालून बघितली. हनुवटीपाशी अंगठा शिरेना. ओठ एका सुबक लाल टाक्याने, हसऱ्या आकारात, पक्के शिवलेले होते.

"हिचं तोंड उघडत नाही."

"तिला संवाद नाहीत ना."

"मग ही कोण, बाई? खिडकीचा पडदा?"

"हळूहळू देऊ संवाद. एकदम सगळं बदललं तर लोक बिथरतात. आक्का, तुम्ही तर मुरलेल्या कलाकार. समजून घ्या."

"समजले," आक्का म्हणाली. बाहुली तिने अलगद, झग्याची घडी न मोडता, टेबलावर बसवली.

समजली म्हणजे काय समजली, ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

एरवी कार्यक्रमापुरती भिंगरी शेजारणीकडे असे. त्या दिवशी बालवाडीतून आणलं तशी आक्का तिला थेट स्टुडिओतच घेऊन आली. पोरगी पहिल्या रांगेत चटईवर बसली, सगळ्यांत पुढे, मालकिणीच्या थाटात. कोळसोबाच्या आत कोण आहे हे त्या चटईवर तिला एकटीलाच ठाऊक होतं. कार्यक्रम थेट जायचा. जे घडलं ते घडलं, कापाकापी नाही. आक्का उशीवर बसली, हात वर गेला. शेजारच्या ताटलीत बिस्किटांचा चुरा तयार होता. तिने त्याला हात लावला नाही.

सगळं रीतसर झालं. अक्षर शिकवून झालं, सशाला औषध देऊन झालं. राजांनी डबा उघडला. आत अंधार. राजे वळले. "बालमित्रांनो, डबा कोणी खाल्ला?"

"कोळसोबाऽऽ!" सगळ्यांत मोठा आवाज भिंगरीचा.

कोळसोबाने तोंड उघडलं नाही. तो हळूच पुढे आला. लंगडत नाही, सरळ. टेबलाच्या कडेवर दोन्ही हात टेकून त्याने चटईकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी नाही खाल्ला."

आवाज घोगरा नव्हता. तो आक्काचा आवाज होता, ज्याला कुणी कधी विचारलं नव्हतं तो. चटई गप्प झाली.

खाली तात्यांनी पेपरमिंट गिळलं. "आक्का! चुरा टाक!"

"नाही टाकत."

"अगं थेट चाललंय!"

"म्हणूनच."

आता मास्तरांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी दोघांच्या हाडात भिनवला होता. बाहुला वर असेपर्यंत समोरच्याने जे दिलं ते घ्यायचं. थांबायचं नाही, अडखळायचं नाही, हात खाली घ्यायचा नाही, आग लागली तरी. तात्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, डोळे मिटले आणि राजांच्या तोंडून विचारलं, "तू... तू नाही खाल्लास?"

"नाही."

"पण तूच खातोस!" चटईवरून एक मुलगा ओरडला.

"काल खाल्ला होता," कोळसोबा म्हणाला. "कालचं काल कबूल केलं. आजचं सांग. पाहिलंस मला?"

मुलाने इकडे तिकडे बघितलं. "नाही."

"तू पाहिलंस? तू? त्या निळ्या फ्रॉकवाल्या ताई, तुम्ही?"

कुणी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? भिंगरी मात्र कासावीस झाली होती. आजी विसरली! रोजचं काम, आणि आजच, ती बसली असताना, आजी विसरली! ती उठली, टेबलापाशी गेली आणि सगळ्या शहराला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "आजी, तुकडे राहिले! तुकडे टाक!"

मग कोळसोबा भिंगरीकडे वाकला.

"तुकडे नाहीत गं माझ्याकडे. विश्वास नाही ना? बघ." आणि त्याने तोंड उघडलं, पुरतं, लाल अस्तरापर्यंत. "हात घालून बघ."

भिंगरीने हात घातला. कोपरापर्यंत. आत तिला आजीची बोटं लागली असणार, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही. तिने हात बाहेर काढला, तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, आणि चटईकडे वळून जाहीर केलं, "काही नाही! खरंच काही नाही! याने खाल्लाच नाही!"

"मग कोणी खाल्ला?" चटईवरून चहूबाजूंनी आवाज आले.

यापुढचं श्रेय तात्यांचं. त्यांना हे करायला कुणी सांगितलं नव्हतं. आयुष्यभर साखरेत घोळलेले संवाद म्हणून म्हणून त्या वात्रट माणसाचा जीव विटला होता की काय, देव जाणे. त्यांनी डाव्या हाताने ताटलीतला चुरा उचलला, राजांच्या तोंडात कोंबला, आणि गुलाबराजांनी, मुकुट सावरत, अशी खणखणीत ढेकर दिली की चुऱ्याचा फवारा पहिल्या रांगेपर्यंत उडाला.

चटईवर प्रलय झाला. निम्मी मुलं हसून लोळली. एक मुलगा मात्र ताठ उभा राहून रडायला लागला, "राजे असं नाही करत! राजे नाही करत!" गाणं सुरू होईस्तोवर तो रडतच होता.

खाली आक्का म्हणाली, "हे काय केलंत, तात्या?"

"दिलंस ते घेतलं," तात्या म्हणाले. "आता गुडघा सरकव."

निर्मातीबाई धावत आल्या तेव्हा आक्का टेबलाखालून रांगत बाहेर येत होती. हातात अजून कोळसोबा.

"आक्का, काय करून बसलात! फोन थांबत नाहीयेत. एक बाई म्हणाल्या, मुलगा जेवायला तयार नाही. एक म्हणाले, राजेच असे वागले तर मुलांनी कुणाकडे बघायचं? मुलांच्या मनावर परिणाम होतो याचा!"

आक्का उभी राहिली. गुडघे कुरकुरले, तिने त्यांना वेळ दिला. "होतो म्हणता? परिणाम?"

"होतोच ना!"

"कमाल आहे. काल तर म्हणालात मुलांना कळतं, खोटं असतं, गंमत असते. राजांनी एकदा बिस्किट खाल्लं तर घराघरांत ताटं अडली. कोळसोबाने इतकी वर्षं डबे फस्त केले. कधी एक फोन आला?"

"नाही आला," निर्मातीबाई म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण म्हणाल्या.

"येणार नाहीच. ज्यांच्या घरात परिणाम झाला ती पोरं फोन करत नाहीत. ती हात वर करतात." आणि आक्काने घंटीची हकिकत तिथेच, उभ्याउभ्या, कॅमेरेवाल्यांच्या देखत सांगितली. नाटकी काही नाही. भिंगरीचं वाक्य भिंगरीच्याच शब्दांत. आपल्यासारख्याने घेतलेलं असतं.

कुणीतरी दिवे बंद करायला घेतले होते, ते तसेच राहिले.

"मला वाईट वाटतंय," निर्मातीबाई म्हणाल्या. "पण वरून निरोप आलाय, आक्का. उद्या कोळसोबाने माफी मागायची. मुलांची आणि राजांची. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

"जरूर बघा." आक्काने हातातून कोळसोबा काढला आणि चहाच्या थर्मासवर उपडा घातला. तो तिथे डोळे वटारून ताठ बसला. "हा इथे आहे. माफी मागितली त्याने तर मला घरी कळवा. मी ऐकायला येईन." मग भिंगरीचं बोट धरून ती समोरच्या दाराने निघाली. कलाकारांचं मागचं दार होतं. ते तिने घेतलं नाही. बाहेर पालक मुलांना बूट घालत होते. भिंगरीने भर गर्दीत ओरडून सांगून टाकलं, "हीच कोळसोबा! माझी आजी!" आक्काने आयुष्यात पहिल्यांदा ओळख नाकारली नाही. मान ताठ ठेवून, लहान-मोठ्यांच्या नजरा अंगावर घेत, ती बसथांब्यापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा खांदा अचानक फारच दुखायला लागला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. पडद्यावर त्या दुपारी माशांविषयी माहितीपट लागला. निर्मातीबाई पुढे दोन-तीनदा आक्काच्या घरी येऊन गेल्या. बोलणी चालू आहेत. आक्काची अट एकच आहे: डबा कोणी खाल्ला हे बाहुल्याचा रंग बघून ठरायचं नाही. आणि हो, त्या मखमली मुलीच्या ओठांचा टाका उसवायचा, तोही आक्काच्या समोर. काम मिळेल की जाईल, कुणी सांगावं. त्याची चिंता लेक करते. आक्काला त्या दिवसांत दुसरंच काम होतं.

ते तिने माशांच्या माहितीपटाच्याच दिवशी सकाळी उरकलं. भिंगरीचे केस तिने विंचरले, म्हणजे प्रयत्न केला, आणि बालवाडीच्या दारात सोडून परत फिरण्याऐवजी तिच्याबरोबर आत गेली. मुलं गोल बसत होती. भिंगरी सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे वळली. आक्काने तिचा खांदा धरला.

बाईंनी कार्यक्रम पाहिला होता. त्या लगबगीने पुढे आल्या. "आजी, किती छान केलंत काल! आणि मी ठरवलंय, घंटीचं आपण सोडून देऊ. मी तिला माफ केलंय. आज गोलात बसू दे."

"नको," आक्का म्हणाली.

"काय नको?"

"माफी. ती परत घ्या."

बाई गोंधळल्या. "अहो पण मी तर..."

"तुमचं मन मोठं आहे, मला दिसतंय. पण जिने घेतलंच नाही तिला माफ कसलं करता? ती माफी घेतली, तर घंटीही तिच्याच नावावर जाईल."

"पण तिने स्वतः हात वर केला होता."

"केला होता. आज ती काय म्हणते ते ऐका." आक्का नातीकडे वळली. "बोल गं."

गोलातल्या सगळ्या माना वळलेल्या. भिंगरी बुटांच्या टोकांकडे बघत पुटपुटली, "मी नाही घेतली."

"बुटांना सांगितलंस का? त्यांनी कुठे आळ घेतला होता?"

गोलात कुणीतरी खुदकन हसलं. भिंगरीचे ओठ आपोआप पुढे यायला लागले, डोळे फिरायला लागले. कुणी हसलं की काय करायचं हे तिला पाठ होतं. आक्काने काही केलं नाही. हात लावला नाही, डोळे वटारले नाहीत, संवाद पुरवला नाही. पडद्यामागून वाक्य सांगायची खोड भल्याभल्यांना असते. ती तिने आवरली. नुसती उभी राहिली.

भिंगरीने ओठ आत घेतले. मान वर केली.

"बाई, मी घंटी घेतली नाही."

"मग कोणी घेतली?" गोलातून एका मुलीने विचारलं.

"ते मी कशाला सांगू? तुम्ही शोधा."

बाईंनी आक्काकडे पाहिलं, मग भिंगरीकडे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि मग, गोलाकडे वळून, मुलांना ऐकू जाईल असं, "तिने घेतली नाही."

घंटी त्या दिवशी सापडली नाही. पुढेही सापडली नाही. कपाटं सरकवली, पेट्या उपसल्या, अंगणातली वाळू चाळली. आजतागायत तिचा पत्ता नाही. खाऊच्या वेळी बाई टाळी वाजवतात.

भिंगरी दाराजवळ गेली. तिथली छोटी खुर्ची तिने पाठीकडून धरली आणि फरशीवरून ओढत निघाली. अशी करकरत, की दोन मुलांनी कानांवर हात ठेवले. "उचलून आण गं," बाई म्हणणार होत्या. म्हणाल्या नाहीत. गोलात जागा नव्हती. भिंगरी दोघांच्या मध्ये खुर्ची टेकवून उभी राहिली, आणि ते दोघे सरकेपर्यंत उभीच राहिली.